कम्युनिटी कॉलेजातल्या काउन्सेलरकडून काम कसं करून घ्यावं

आपल्याकडे, निदान आमच्या वेळी, बी.कॉम. करताना ‘पुढे कुठला विषय घेऊ?’ हा प्रश्नच पडत नसे. एफवाय झालं की एसवाय, एसवाय झालं की टीवाय. विषय विद्यापीठाने ठरवलेले, आणि एटीकेटी लागली तरी वर्ष आपल्याला पुढे ढकलायचं. कॉलेजच्या ऑफिसशी संबंध बोनाफाईड आणि मार्कशीटपुरता, तोही खिडकीच्या जाळीतून. त्यामुळे कॅलिफोर्नियात एच-४ वर (नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबाला मिळणारा व्हिसा) आल्यावर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) नाव घातलं, तेव्हा ‘काउन्सेलरला भेटा’ हे वाक्य मी सरळ कानाआड केलं. काउन्सेलर म्हणजे ज्याला काहीतरी त्रास आहे त्याने गाठायचा माणूस, अशी माझी समजूत. मला कुठे त्रास होता?

तो नंतर झाला. पहिल्या कॉलेजात क्वार्टर पद्धत होती, म्हणजे वर्षाचे तीन तुकडे. तिथे अकाउंटिंगची मालिका तीन भागांत शिकवत. पहिला भाग झाल्यावर वेळ सोयीची म्हणून मी शेजारच्या सेमिस्टरवाल्या कॉलेजात गेले, तिथे तोच अभ्यास दोन भागांत. माझा पहिला भाग त्यांच्या पहिल्या भागाइतका भरेना आणि दुसऱ्यात बसू देईनात. सगळं पुन्हा पहिल्यापासून. काउन्सेलरने हे अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

इथे वर्ष तुम्हाला पुढे ढकलत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. चार वर्षं इमानाने वर्ग (म्हणजे एकेका विषयाचे कोर्स) करून, चांगल्या ग्रेडी मिळवून, हातात ना पदवी ना ट्रान्सफर (इथून चार वर्षांच्या विद्यापीठात जाणं) अशी माणसं मी पाहिली आहेत. विषयांची जुळणी आपणच करायची असते आणि ती करायला मदत म्हणून हा माणूस पगारावर बसवलेला असतो. पुढचं सगळं कॅलिफोर्नियाबद्दल आहे, कारण मला तेच नीट माहीत आहे. इथल्या व्यवस्थेत ११६ कॉलेजं आहेत, देशातली ही सगळ्यात मोठी. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये असाल तर नियम वेगळे, पण भेटीची तयारी बरीचशी हीच.

कोणाकडे कशासाठी

इतर राज्यांत ज्याला अ‍ॅडव्हायझर म्हणतात, त्याला इथे बहुतेक ठिकाणी काउन्सेलर म्हणतात. हा कारकून नाही. इथे काउन्सेलर प्राध्यापकवर्गात मोडतो आणि त्याला मास्टर्स पदवी असावी लागते. अ‍ॅडव्हायझर किंवा स्पेशालिस्ट अशा पाटीचे लोकही काही कॉलेजांत असतात. ते फॉर्म, नोंदणी, साधे प्रश्न यांत मदत करतात, पण शिक्षणाचा पूर्ण आराखडा काउन्सेलरकडूनच करून घ्यावा.

काउन्सेलरकडे काय न्यायचं नाही, हेही कळायला हवं, नाहीतर अर्ध्या तासातली वीस मिनिटं भलत्याच गोष्टीत जातात. फीचा दर हा अ‍ॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्स या ऑफिसचा विषय. राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे (युनिट म्हणजे वर्ग मोजायचं माप, क्रेडिट) ४६ डॉलर पडतात (क्वार्टरवाल्या कॉलेजात ३१), परराज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला त्यावर शेकड्यांनी जास्त. एच-४ वाल्यांना रहिवासी दर मिळू शकतो, मात्र कॅलिफोर्नियात वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे कागद दाखवावे लागतात. ते कागद त्या खिडकीवर न्या. मदतनिधी हा फायनान्शियल एडचा विषय. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर वर्ग सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिस गाठायचं, काउन्सेलर नंतर. बारा युनिटांच्या खाली परवानगीशिवाय गेलात तर व्हिसाच अडचणीत येतो, आणि तिथे काउन्सेलरचं ‘चालेल’ उपयोगाचं नाही.

खास गटांसाठी वेगळे काउन्सेलर असतात आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांसाठी ईओपीएस ही योजना १९६९ पासून आहे. शिकण्यात अडचण किंवा अपंगत्व असेल तर डीएसपीएस. गणित-विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांसाठी काही कॉलेजांत मेसा. या गटांतल्या काउन्सेलरकडे मुलं कमी असतात, त्यामुळे भेट लवकर मिळते आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. पात्र असाल तर संकोच करू नका. ‘आपल्याला कशाला असल्या योजना’ हा आपला मध्यमवर्गीय ताठा इथे फार महाग पडतो.

कधी जायचं

टर्मच्या पहिल्या आठवड्यात नको. त्या दिवसांत कॉलेजांत ड्रॉप-इन पद्धत चालते: रांगेत नाव टाका, दहा-पंधरा मिनिटं मिळतात, समोरच्याने सकाळपासून चाळीस मुलं बघितलेली असतात. ‘हा वर्ग घेऊ का?’ एवढ्याच प्रश्नाला ते ठीक आहे. पूर्ण आराखड्यासाठी टर्म मध्यावर आली की अपॉइंटमेंट घ्या. सेमिस्टर असेल तर ऑक्टोबर आणि मार्च. तेव्हा साधारण अर्धा तास मिळतो आणि पुढच्या टर्मची नोंदणी अजून उघडलेली नसते. नवीन विद्यार्थ्याने मात्र ओरिएंटेशन आणि प्राथमिक आराखडा आधीच उरकावा, कारण ते केलेल्यांना नोंदणीची तारीख लवकरची मिळते. दोन दिवस उशिरा नोंदणी म्हणजे केमिस्ट्रीची लॅब गेली असं समजा.

अपॉइंटमेंटच्या जागा ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी ऑनलाइन खुल्या होतात. तो दिवस कोणता, हे काउन्सेलिंगच्या डेस्कवर विचारून ठेवा. तत्काळ तिकिटाची सवय असलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

जाण्याआधीचा गृहपाठ

हा भाग कंटाळवाणा आहे आणि खरं काम इथेच होतं.

आधी स्वतःशी ठरवा की आपल्याला काय हवं आहे. इथे तीन वाटा वेगळ्या: चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर, कॉलेजची स्वतःची दोन वर्षांची असोसिएट पदवी, किंवा नोकरीपुरतं सर्टिफिकेट. तुम्ही बोलला नाहीत तर काउन्सेलर पहिली वाट धरून चालतो, कारण बहुतेक मुलं त्यासाठीच येतात. माझ्या एका मैत्रिणीला प्रीस्कूलमध्ये शिकवायचं होतं. परवानाधारक प्रीस्कूलमध्ये शिक्षिका होण्यासाठी बालविकासाची १२ युनिटं लागतात, म्हणजे चारच वर्ग. ती पहिल्या भेटीत नुसतं ‘मला चाइल्ड डेव्हलपमेंट करायचंय’ म्हणाली आणि साठ युनिटांचा, इंग्रजी-गणित-इतिहासासकट कागद घेऊन घरी आली. दुसऱ्या भेटीत ‘मला फक्त नोकरीपुरती बारा युनिटं हवीत, पदवी नंतर बघू’ असं म्हटल्यावर पाच मिनिटांत काम झालं. (एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, कमवायला लागते. दोन्हींची गल्लत करू नका.)

ट्रान्सफर करायचं असेल तर असिस्ट डॉट ऑर्ग हे संकेतस्थळ आधी उघडा. तुमचं कॉलेज, ज्या यूसी किंवा सीएसयू (कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांच्या दोन साखळ्या) विद्यापीठात जायचं ते, आणि मुख्य विषय असे तीन पर्याय निवडले की कुठला वर्ग कुठल्या वर्गाच्या जागी धरला जातो याचा तक्ता मिळतो. दोन-तीन विद्यापीठांचे तक्ते छापून न्या. सॅन होजे स्टेटचा तक्ता आणि यूसी डेव्हिसचा तक्ता एकाच विषयासाठीही सारखा नसतो. जो वर्ग दोन्हींत आहे तो आधी, हा साधा हिशोब घरीच करता येतो. खाजगी विद्यापीठं आणि बाहेरची राज्यं यात नाहीत, त्यांच्यासाठी त्यांच्याच साइटवर जावं लागतं. न्यू जर्सीत असेच तक्ते एनजे ट्रान्सफरवर मिळतात.

मग कागद. भारतातली पदवी किंवा अर्धवट शिक्षण असेल तर मार्कशीट नुसती नेऊन काही होत नाही. मूल्यांकन करणाऱ्या मान्य संस्थेकडून, प्रत्येक विषयाचं वेगळं क्रेडिट दाखवणारं मूल्यांकन लागतं. नुसतं ‘ही पदवी अमेरिकन बॅचलर्सच्या तोडीची आहे’ एवढंच सांगणारं स्वस्त मूल्यांकन इथे पुरत नाही, आणि आपले बरेच लोक तेच करून बसतात. तुमचं कॉलेज कोणत्या संस्थांचं मूल्यांकन मानतं ते पैसे भरण्याआधी विचारा. विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा) यायला लागणारा वेळ पुण्या-मुंबईच्या माणसाला मी काय सांगावा? सुट्टीत घरी जाल तेव्हाच अर्ज टाका आणि जमलं तर जुना सिलॅबसही घेऊन या. एखादा विषय अडला की विभागप्रमुख सिलॅबसच मागतात.

एक ऐकीव माहितीही झटकून टाका. ‘आधी प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागते, मग खालच्या इंग्रजीत टाकतात’ असं जुनी मंडळी अजून सांगतात. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर ते चित्र बदललं. आता शाळेतल्या ग्रेडी पाहून, आणि परदेशात शिकलेल्यांना स्वतःच भरायच्या प्रश्नावलीवरून, बहुतेकांना थेट ट्रान्सफरच्या पातळीचं इंग्रजी आणि गणित घेता येतं.

समोर बसल्यावर

आपली अडचण इंग्रजीची नसते. अडचण अशी, की समोरच्या खुर्चीतला माणूस म्हणजे ‘सर’, आणि सरांना उलट विचारायचं नाही हे हाडात मुरलेलं. काउन्सेलर म्हणतो, ‘दिस लुक्स गुड.’ आपण म्हणतो, ‘थँक यू.’ आणि दाराबाहेर आल्यावर सहा प्रश्न आठवतात. म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या आणि कागद सरळ टेबलावर ठेवा. त्यांना त्याचं काही वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

पहिलं वाक्य ध्येयाचं: ‘मला २०२७ च्या फॉलमध्ये (म्हणजे उन्हाळी सुट्टीनंतरच्या टर्मला) अमुक विषयासाठी अमुक ठिकाणी ट्रान्सफर व्हायचंय, आठवड्याला वीस तास मी काम करते, त्यामुळे टर्मला नऊ युनिटांपेक्षा जास्त जमणार नाही.’ हे तासांचं जरूर सांगा. न सांगितल्यास आराखडा टर्मला पंधरा युनिटांचा होतो, तो पहिल्याच टर्मला कोसळतो आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच. सेमिस्टरच्या तीन युनिटांच्या एका वर्गाला घरच्या अभ्यासासकट आठवड्याचे नऊ-दहा तास जातात. त्याला तीनाने गुणून बघा.

त्यानंतरचे प्रश्न सुटे विचारले तर सुटी उत्तरं मिळतात, म्हणून ते एकमेकांना जोडून विचारा. या आराखड्यातला कुठला वर्ग वर्षातून एकदाच भरतो? तो चुकला तर काय? कोणत्या वर्गाला आधीचा वर्ग पुरा लागतो, आणि माझा भारतातला विषय त्याजागी चालेल का? चालत असेल तर त्यासाठी कुठला फॉर्म? हा वर्ग मी मुख्य विषयासाठी घेतेय की सामान्य शिक्षणासाठी (इंग्रजी, गणित, इतिहास असे सगळ्यांनाच लागणारे विषय), की एकाच वर्गात दोन्ही भागतात? शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त पैसे वाचवतो.

सामान्य शिक्षणाच्या यादीला २०२५ च्या फॉलपासून कॅल-जीईटीसी म्हणतात. किमान ३४ सेमिस्टर युनिटं, ११ वर्ग, आणि ती यूसी आणि सीएसयू दोन्हीकडे चालते. त्याआधी आयजीईटीसी होती. तुम्ही २०२५ च्या आधीपासून खंड न पाडता शिकत असाल तर जुनी यादी लागू राहू शकते. ‘माझे कॅटलॉग राइट्स (म्हणजे मला लागू असलेले नियम) कोणत्या वर्षाचे?’ असं याच शब्दांत विचारा. मध्ये बाळंतपणासाठी किंवा भारतात जाण्यासाठी वर्षभर सोडलं असेल तर हा प्रश्न विसरूच नका.

इंजिनिअरिंग आणि काही विज्ञानशाखांत सामान्य शिक्षणाची यादी पूर्ण करण्यापेक्षा मुख्य विषयाची तयारी जास्त महत्त्वाची असते. कॅल्क्युलस, फिजिक्स मागे टाकून कला आणि समाजशास्त्राचे सोपे वर्ग आधी उरकणारी मुलं पुढे अडकतात. आणि कॅल्क्युलससारखी मालिका ज्या कॉलेजात सुरू केली तिथेच संपवा. का, ते वर सांगून झालंय.

आईबाबांसाठी थोडं

मुलगा सतरा वर्षांचा आहे, फी आपण भरतोय, तेव्हा आपण सोबत जाणार आणि आपणच बोलणार, असं आपल्याला अगदी स्वाभाविक वाटतं. काउन्सेलर तुमच्याकडे बघून हसेल आणि प्रश्न मुलाला विचारेल. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार विद्यार्थी कॉलेजात शिरला की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, वय अठराच्या खाली असलं तरी. मुलाने लेखी संमती दिल्याशिवाय तुम्हाला ग्रेड कळणार नाही, आणि फोन करून ‘मी त्याची आई बोलतेय’ म्हटल्याने काही फरक पडत नाही. हे मी दोनदा करून बघितलं आहे.

करण्यासारखं हे आहे: प्रश्नांचा कागद मुलाबरोबर बसून घरी तयार करा, आणि भेटीत त्याची हरकत नसेल तर शेजारी गप्प बसा. गप्प बसणं कठीण जातं, मान्य.

हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे वर्ग घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक लक्षात ठेवावं. फी माफ असते (११ युनिटांपर्यंत), म्हणून ‘घेऊन तर बघ’ म्हणत आपण तीन वर्ग लावतो. पण ती ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची उमटते आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला ती कळवावी लागते. शाळेचा काउन्सेलर आणि कॉलेजचा काउन्सेलर वेगळे, दोघांशी बोला.

भेटीनंतर

आराखडा ऑनलाइन प्रणालीत नोंदवून घेतल्याशिवाय उठू नका. कागदावर पेन्सिलीने केलेल्या खुणा पुढच्या काउन्सेलरला दिसत नाहीत. ‘आजच्या नोट्समध्ये हे लिहाल का?’ असं विचारायला हरकत नाही, प्रत्येक भेटीची नोंद ते ठेवतातच.

त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल पाठवा: आज भेटल्याबद्दल आभार, माझ्या समजुतीप्रमाणे पुढच्या टर्मला हे तीन वर्ग, भारतातल्या स्टॅटिस्टिक्सचा फॉर्म मी अमुक विभागाकडे देणार, यात काही चुकत असेल तर कळवा. विषयाच्या ओळीत आणि खाली सहीत विद्यार्थी क्रमांक. उद्या दुसऱ्याने वेगळं सांगितलं तर तुमच्या हातात तारखेसकट काहीतरी असतं.

आणि वेगळं सांगणारे भेटतात. काउन्सेलर शेकडो मुलं बघतो, विद्यापीठं दरवर्षी अटी बदलतात, चूक होते. एखादं उत्तर असिस्टच्या तक्त्याशी जुळत नसेल तर तक्ता समोर ठेवून ‘मला इथे असं दिसतंय, मी चुकीचं वाचतेय का?’ असं विचारा. भांडायची गरज पडत नाही. तरी शंका राहिली तर ट्रान्सफर सेंटरमध्ये जा. यूसी-सीएसयूचे प्रतिनिधी तिथे अधूनमधून येऊन बसतात आणि त्यांच्या विद्यापीठापुरतं त्यांचं उत्तर जास्त वजनाचं. एकदा चांगला काउन्सेलर सापडला की पुढची प्रत्येक भेट त्याच्याच नावाने घ्या.

गाडी घसरली तर

वर्ग जमत नाहीये हे चौथ्या-पाचव्या आठवड्यात कळतं, आणि आपण बाराव्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगत नाही. तोवर बरेच दरवाजे बंद झालेले असतात. सुरुवातीच्या तारखेपर्यंत सोडलं तर फी परत, त्यानंतर काही दिवस ट्रान्सक्रिप्टवर डाग नाही, मग साधारण टर्मच्या पाऊण भागापर्यंत ‘डब्ल्यू’ (विथड्रॉवल, म्हणजे वर्ग सोडल्याची खूण), आणि त्यानंतर जी ग्रेड मिळेल ती. नेमक्या तारखा प्रत्येक वर्गाच्या वेगळ्या, पोर्टलवर दिसतात. एखादा ‘डब्ल्यू’ ‘एफ’पेक्षा बरा, पण मदतनिधी घेत असाल तर घेतलेल्या युनिटांपैकी दोन तृतीयांश पूर्ण व्हावी लागतात, म्हणून सोडण्याआधी फायनान्शियल एडला विचारा. घरात मोठं आजारपण, अपघात असं काही झालं असेल तर ‘एक्सक्यूज्ड विथड्रॉवल’ मागता येतं, त्याला कागद लागतात. तोच वर्ग तीनपेक्षा जास्त वेळा घेता येत नाही, आणि ‘डब्ल्यू’ही त्यात एक वेळ म्हणून मोजला जातो.

ग्रेडींची सरासरी (४.० पैकी) २.० च्या खाली गेली तर प्रोबेशन, म्हणजे सुधारण्याची ताकीद, लागतं आणि बऱ्याचदा काउन्सेलरला भेटेपर्यंत नोंदणी अडवून ठेवतात. ती भेट शिक्षेसारखी वाटते, पण तिथे खरं कारण सांगा. ‘आता नीट अभ्यास करीन’ हे उत्तर आईला चालतं. काउन्सेलरला ‘संध्याकाळची पाळी लागली, लॅब बुडाली’ हे ऐकायचं असतं, कारण त्यावर तो काहीतरी करू शकतो.

ट्रान्सफरच्या वर्षी

ही वेळापत्रकं चुकवू नका. यूसीच्या सहा विद्यापीठांत (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ) ‘टॅग’ म्हणजे प्रवेशाची हमी मिळू शकते. अर्ज फक्त १ ते ३० सप्टेंबर, एकाच विद्यापीठासाठी, आणि सगळ्याच विषयांना ती नसते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. टॅगचा अर्ज भरून ऑगस्टमध्येच काउन्सेलरला दाखवा, सप्टेंबरात त्यांच्याकडे श्वास घ्यायला जागा नसते. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. टॅग मिळाला तरी हा भरावाच लागतो. सीएसयूसाठी ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ घेतली तर व्यवस्थेत कुठेतरी जागा नक्की, पण हव्या त्याच ठिकाणी असं नाही.

जानेवारीत यूसीला फॉलच्या ग्रेडी कळवायच्या असतात. त्याचा ईमेल जंक फोल्डरमध्ये जाऊन पडतो, तो शोधा. शेवटची टर्म संपत आली की सामान्य शिक्षणाच्या यादीचं सर्टिफिकेशन मागायचा अर्ज वेगळा करावा लागतो. यादी पूर्ण झाली म्हणून ते आपोआप जात नाही. तीन कॉलेजांत वर्ग केले असतील तर आधीच्या दोघांची ट्रान्सक्रिप्ट शेवटच्या कॉलेजात पोचलेली हवीत, मग तेच कॉलेज सर्टिफिकेशन करून पुढे पाठवतं. तो फॉर्म काउन्सेलिंगमध्ये मिळतो की अ‍ॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्समध्ये, हे कॉलेजागणिक बदलतं. एप्रिलमध्येच विचारून ठेवा.